पाठ फिरवून बसलेलं हॉटेल

रात्रीचे पावणेतीन वाजले होते आणि कपाटातले दोन रिकामे हँगर एकमेकांना लागून किणकिणत होते. खोलीत वाऱ्याची झुळूक नव्हती, खिडकी घट्ट लावलेली. मी उठले, हँगर काढून खुर्चीवर आडवे ठेवले आणि परत येऊन पडले. मग लक्ष गेलं उशाजवळच्या पाण्याच्या पेल्याकडे. समोरच्या निळ्या पाटीचा उजेड पाण्यावर पडला होता. दर ठोक्याला त्यावर एक बारीक वर्तुळ उमटायचं, विरायचं, पुन्हा उमटायचं. गाणं असं ऐकू येतच नव्हतं. शब्द नाहीत, सूर नाही, नुसता ठोका, तोही कानात कमी आणि छातीत जास्त. पलीकडच्या पलंगावरून मैत्रीण अंधारातच म्हणाली, "अगं, गाणं कुठलं आहे एवढं तरी कळलं असतं, तर ताल धरला असता."

ही मागच्या खेपेची गोष्ट. 'क्लबपासून अवघ्या ८० मीटरवर' हे वाचून आम्ही भाळलो होतो. ८० मीटर खरेच होते, खोटं कोणी बोललं नव्हतं.

आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. दोन-तीन वर्षांतून एकदा घरच्यांना घरी ठेवून चार रात्रींसाठी एखादं शहर गाठतो आणि मनसोक्त गाणं ऐकतो. तळघरातलं जॅझ असो, लहानसा बँड असो, कधी नुसता डीजे असो. हे सगळं रात्री अकराच्या पुढे रंगतं आणि दोन-तीनला संपतं. तेव्हा टॅक्सी शोधत उभं राहायचं नसतं, पायी पाच-सात मिनिटांत खोलीवर यायचं असतं. आल्यावर झोपही हवी असते, कारण आमच्या वयाला दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब द्यावा लागतो. आणि तिसरं म्हणजे, आम्ही किती वाजता आलो, कोणाबरोबर हसत आलो, हातात चपला होत्या की पायात, याच्याशी काउंटरवरच्या माणसाला काही देणंघेणं नसावं. ८० मीटरवाल्या हॉटेलात ते होतं. दिवाणखान्याएवढ्या लॉबीत दहा माणसांसमोर तिथला मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला होता, "मॅडम, तुमची एकशे चार, पहिल्या मजल्यावर!" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच विचारलं, "काल फार उशीर झाला का?" सहजच विचारलं असेल. पण मला ते आवडलं नाही.

तेव्हा या खेपेला मी हॉटेल निवडायचं काम मैत्रिणीकडून काढून स्वतःकडे घेतलं. तीन आठवडे त्यात घातले. घरी चेष्टा झाली ती वेगळी.

पहिली अडचण शब्दाचीच. इंग्रजीत ज्याला 'डिस्क्रीट' म्हणतात त्याला मराठीत चपखल शब्द मला सापडलेला नाही. 'गुपचूप' म्हटलं की चोरटेपणा येतो. 'आडबाजूचं' म्हटलं तर मैत्रीणच घाबरेल. आजी ज्याला 'बोभाटा न करणारा माणूस' म्हणायची, ते त्यातल्या त्यात जवळचं. मला बोभाटा न करणारं हॉटेल हवं होतं. पण शोधताना तो इंग्रजी शब्द टाकला आणि पुढे आलं ते तासावर खोल्या देणाऱ्यांचं जग. मागचं दार, गाडी लावायला पडद्याआडची जागा, बिलावर वेगळंच नाव. जपानमध्ये तर यावर अख्खा धंदा उभा आहे. आत शिरल्यावर खोल्यांच्या फोटोंचा फलक, हवी ती खोली बटण दाबून घ्यायची, आणि दर दोन प्रकारचे, काही तासांच्या 'विश्रांती'चा वेगळा आणि रात्रभराच्या 'मुक्कामा'चा वेगळा. माणसाचं तोंड कुठे दिसत नाही. ज्यांना ते हवं त्यांनी ते घ्यावं, माझी तक्रार नाही. मला मात्र तोंड दिसणारा माणूस हवा होता. रात्री तीनला दार उघडलं नाही तर फलकाशी काय बोलणार?

याच शोधात एक गंमत कळली. लहान, चोखंदळ, आपलं असं रूप असलेल्या हॉटेलांना आज सरसकट 'बुटिक' म्हणतात. त्या शब्दाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते स्टीव्ह रुबेल आणि इयान श्रेगर मुळात नाइटक्लबवाले. न्यूयॉर्कमधला स्टुडिओ ५४ त्यांनी १९७७ मध्ये काढला आणि १९८४ मध्ये त्याच शहरात मॅडिसन अव्हेन्यूवर मॉर्गन्स नावाचं हॉटेल उघडलं. मोठी हॉटेलं म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर आणि आपलं म्हणजे बुटिक, असं रुबेल सांगायचा. त्या हॉटेलच्या दारावर पाटीच नव्हती. म्हणजे रात्रीची मजा आणि बिनबोभाट मुक्काम यांची सोयरीक जुनी आहे. फक्त पाटी नसणं वेगळं आणि तोंड बंद ठेवणं वेगळं. पाटी न लावायला कष्ट पडत नाहीत.

असो. मी नकाशा उघडला.

नकाशावर हॉटेलं ठिपक्यांसारखी दिसतात आणि तिथेच माणूस फसतो. ठिपक्याला पुढची बाजू नसते, पाठ नसते. खऱ्या इमारतीला असते. दोन हॉटेलं क्लबपासून सारख्याच अंतरावर असतात, पण एकाच्या खिडक्या थेट त्या गल्लीत उघडतात आणि दुसरं कोपऱ्यापलीकडच्या रस्त्याला तोंड करून असतं. मध्ये चार मजल्यांची एक इमारत उभी. ती इमारतच तुमची भिंत. आवाज कोपरा वळतो खरा, पण बोलणं-हसणं, बाटल्यांची खणखण हे वरच्या पट्टीतले आवाज वळताना बरेच गळतात. बेस, म्हणजे गाण्यातला खालच्या पट्टीतला ठोका, मात्र सहज वळसा घालतो. ५० हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, तिला खिडकीची काच म्हणजे किरकोळ अडथळा. म्हणून मागच्या खेपेला गाणं बाहेर राहिलं आणि ठोका तेवढा आत आला. कानात बोळे घालूनही काही उपयोग झाला नव्हता, कारण पलंगच हलत होता.

तेव्हा मी पहिला नियम ठरवला तो असा: अंतर २५० ते ५०० मीटर, मध्ये निदान एक वळण, आणि हॉटेलने गोंगाटाकडे पाठ फिरवलेली. जवळ हवं, पण समोर नको.

मग रस्त्याच्या पातळीवरचे फोटो. नकाशात बोट टेकवलं की ते दिसतात. मी त्या गल्ल्यांतून अशा किती फेऱ्या मारल्या असतील, खरंच गेलो तेव्हा मैत्रिणीला म्हणाले, "पुढे उजवीकडे लाल दार येईल बघ," आणि आलं. एक सावधगिरी. हे फोटो दिवसाउजेडी काढलेले असतात. दिवसा नाइटक्लब म्हणजे काय, तर रंगाने बरबटलेलं एक बंद शटर. तुम्हाला वाटतं, बंद पडलेलं दुकान आहे. म्हणून शटरच्या आजूबाजूला बघायचं. भिंतीला ठोकलेले ॲशट्रे आहेत का, माणसं रांगेत उभी करायचे लोखंडी कठडे कडेला घडी करून ठेवलेत का, छताकडे जाणारा जाड पत्र्याचा धुराडा आहे का. ज्या हॉटेलवर माझा जीव जडला होता त्याच्या खालच्याच गाळ्याला हे तिन्ही होते. फोटो कोणत्या वर्षीचा आहे तेही कोपऱ्यात लिहिलेलं असतं. हा ताजा होता. जीव काढून घेतला.

ॲशट्रेचं महत्त्व मला आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्रास गाण्याचा होतो. प्रत्यक्षात रात्री उशिरा झोप मोडतात ती फुटपाथवरची माणसं. २९ मार्च २००४ ला आयर्लंडने कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांत, पबांसकट, सिगारेट बंद केली. देशभर असा कायदा करणारा तो पहिला देश. मग एकामागून एक देशांनी तेच केलं. आतल्यांची फुप्फुसं वाचली, फार चांगलं झालं. पण ओढणारे बाहेर आले, आणि आतल्या आवाजाने कान बधिर झालेला माणूस बाहेर येऊनही ओरडूनच बोलतो. क्लबात किती आवाज असावा याची जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल. त्याच संघटनेचं झोपायच्या खोलीबद्दलचं म्हणणं ३० डेसिबलच्या आसपासचं. या दोन आकड्यांच्या मध्ये जे काही उभं आहे, ते म्हणजे तुमचं हॉटेल.

यावरून निघालेली आणखी एक गोष्ट माझ्या मनातला एक समज उलटा करून गेली. मी जुन्या, जाड भिंतींच्या इमारती शोधत होते. भिंती जाड असतात हे खरं, पण खिडक्याही जुन्याच असतात, आणि आवाज भिंतीतून कशाला येईल, फटीतून येतो. उलट काही ठिकाणी नव्या इमारतींवर बंधनच असतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१४ पासून आणि इंग्लंडच्या नियोजनाच्या धोरणात २०१८ पासून असं तत्त्व आहे की, जो नंतर आला त्याने सोय करायची. क्लब आधीपासून असेल आणि शेजारी हॉटेल किंवा घरं नंतर उभी राहिली, तर आवाज अडवायची जबाबदारी नंतर आलेल्याची. म्हणजे जुन्या क्लबच्या शेजारचं नवं हॉटेल कदाचित जास्त शांत. खिडकीबद्दल विचारताना नुसतं 'दुहेरी काच आहे का' असं विचारून भागत नाही, कारण उष्णतेसाठी बसवलेल्या दोन काचांमधली फट बोटभर असते आणि बेसपुढे तिचं फार चालत नाही. खरा फरक पडतो तो मूळ खिडकीच्या आत, वीतभर अंतर सोडून, वेगळी दुसरी खिडकी असेल तर.

लोकांचे अभिप्राय वाचण्यात एक आठवडा गेला. गुण किती मिळाले ते मी बघतच नव्हते. फक्त अलीकडचे वाचले, आणि त्यातही शुक्रवार-शनिवारी राहिलेल्यांचे. मंगळवारी राहिलेला माणूस 'अतिशय शांत' म्हणतो, तो प्रामाणिक असतो आणि निरुपयोगी असतो. हॉटेलवाल्यांची भाषा हळूहळू उलगडायला लागली. 'चैतन्याने भरलेला परिसर' म्हणजे पहाटेपर्यंत आरडाओरडा. 'तरुण मनाच्या प्रवाशांसाठी' म्हणजे लिफ्ट नाही. एका बाईंनी कौतुकाने लिहिलं होतं, "उशाशी इअरप्लगची डबी ठेवली होती, किती बारकाईने काळजी घेतात!" काळजी कसली, तो कबुलीजबाब होता. ते हॉटेल मी तिथल्या तिथे कापलं.

चाळून चाळून तीन उरली. तिन्ही वीसच्या आत खोल्यांची, तिन्ही आडव्या गल्लीत, तिन्हींचे फोटो देखणे. एकात रात्री काउंटरवर कोणी नसतं, दाराला आकडे दाबायचे आणि किल्ली एका पेटीतून घ्यायची, असं होतं. बोभाटा करायला माणूसच नाही म्हटल्यावर हे सर्वांत उत्तम, असं मैत्रिणीचं मत पडलं. मी म्हटलं, पावसात, रात्री तीनला, मोबाइलची बॅटरी संपलेली असताना तू तो आकडा पाठ म्हणून दाखव. ती गप्प बसली. तिला स्वतःच्या घरचा लँडलाइन नंबरही आठवत नाही.

उरली दोन. दोन्ही ठिकाणी तिच्या नावावर खोली धरून ठेवली, फुकट रद्द करता येईल अशा अटीवर. आणि मग मी जे केलं ते मला या सगळ्या उद्योगातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. नवऱ्याला ते सर्वांत आचरट वाटलं.

मी दोन्हीकडे फोन केला. तिकडच्या घड्याळात शनिवारची रात्र, एक वाजता.

पहिलीकडे बारा वेळा घंटा वाजली. उचलला तेव्हा मागे कुणीतरी खदखदून हसत होतं आणि ठोकाही ऐकू येत होता, फोनमधूनसुद्धा. मी म्हटलं, "माझी एक मैत्रीण तुमच्याकडे उतरणार होती, आली आहे का?" आणि तिचं नाव सांगितलं. तो बिचारा इतका मदतीला तत्पर! म्हणाला, "थांबा हं, बघतो. नाही, आज नाहीत त्या. त्यांचं बुकिंग पुढच्या महिन्यात आहे, चार रात्री, दोघींचं." मी आभार मानले. गोड मुलगा होता. पण मी कोण, हे त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. आणि मी तिची मैत्रीणच असेन असं कशावरून?

दुसरीकडे तिसऱ्या घंटेला उचलला. मागे शांतता. इतकी, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येत होती. तोच प्रश्न. पलीकडून वयस्क पुरुषाचा आवाज, घाई नाही, "माफ करा, आमच्याकडे कोण उतरलंय किंवा उतरणार आहे हे आम्ही सांगत नाही. निरोप असेल तर लिहून घेतो. त्या इथे असल्या तर त्यांना मिळेल." मी थोडा हट्ट करून पाहिला. म्हटलं, घरचीच आहे मी, काळजी वाटतेय. तो म्हणाला, "मग तर निरोप जरूर द्या." आवाज चढला नाही, संशय आला असेल तर दाखवला नाही, आणि दिलं मात्र काहीच नाही. मी फोन ठेवला आणि पहिलीकडचं बुकिंग रद्द केलं.

नवरा शेजारून म्हणाला, "बिचाऱ्याला रात्री एक वाजता कशाला छळलंस?" रात्रपाळीच्या माणसाला रात्री एकला फोन करणं म्हणजे छळ कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

यानंतरचं काम कारकुनी, पण तिथेच माणसं आपटतात. आमचं विमान गुरुवारी रात्री उतरणार, खोलीवर पोहोचेपर्यंत पाऊण वाजणार, म्हणजे तारीख शुक्रवारची. मैत्रिणीने शुक्रवारपासून धरलं होतं. शुक्रवारचं बुकिंग म्हणजे शुक्रवारी दुपारनंतरची खोली. पाऊण वाजता गेलो असतो तर चौदा तास बाकावर बसलो असतो. ते बदलून गुरुवारपासून केलं आणि वर लेखी कळवलं की आम्ही मध्यरात्रीनंतर येतोय. नाही कळवलं, तर आल्या नाहीत असं धरून पुढच्या सगळ्याच रात्री रद्द करणारी हॉटेलं आहेत. त्याच पत्रात खोलीबद्दलही मागणं घातलं. आतल्या चौकाकडची द्या, रस्त्याकडची नको. लिफ्टला लागून नको. वातानुकूलनाच्या यंत्रांवर उघडणारी नको. मजला सांगताना 'पहिला, दुसरा' न म्हणता 'रस्त्यापासून दोन जिने वर' असं लिहिलं. कारण काही देशांत रस्त्याच्या पातळीलाच पहिला मजला म्हणतात, आणि मागच्या खेपेची 'पहिल्या मजल्यावरची' खोली नेमकी तशीच फुटपाथला डोकं लावून निघाली होती. उत्तर दोन ओळींचं आलं. मजकूर कळला, वरची खोली ठेवली आहे, सावकाश या.

पोहोचलो तेव्हा पाऊण नव्हे, सव्वा वाजला होता. गल्लीच्या तोंडाशी गजबज, हशा, कुणाचा तरी वाढदिवस. वळण घेतलं आणि बाहेरचं दार लोटून घेतल्यासारखा आवाज मागे पडला. हॉटेलची पाटी होती, पण तळहाताएवढी पितळी, बेलच्या वर. दार उघडलं ते साठीच्या गृहस्थांनी, लोकरी बनियन, वाचायचा चष्मा कपाळावर. आवाज ऐकताच ओळखला, पण मी काही बोलले नाही. तेही ओळखून होते की काय, देव जाणे. त्यांनी पासपोर्ट पाहिले, नोंद केली, आणि किल्लीचं पाकीट उघडून त्यावर छापलेल्या रिकाम्या चौकटीत पेन्सिलीने खोलीचा आकडा लिहिला. पाकीट आमच्याकडे वळवून आकड्यावर बोट ठेवलं. तोंडाने आकडा उच्चारला नाही. लॉबीत आम्हा तिघांखेरीज कोणी नव्हतं, तरीही.

मग म्हणाले, "पुढची बाल्कनीवाली मोठी खोली आज रिकामी आहे. हवी असेल तर त्याच दरात देतो." मैत्रिणीचे डोळे चमकले. मी म्हटलं, नको. ती माझ्याकडे जे बघितली ते मी विसरणार नाही.

खोलीत शिरल्यावर सामान उघडायच्या आधी मी पाच मिनिटं दिवे घालवून उभी राहिले. हे सगळ्यांनी करावं, कारण सामान पसरल्यावर खोली बदलायचा कंटाळा येतो. ठोका नव्हता. माणसं नव्हती. पण एक घरघर होती, बारीक, सतत, चक्कीसारखी. खिडकी उघडून बघितलं तर चौकाच्या तळाशी कुठल्याशा स्वयंपाकघराचा पंखा. मी खाली गेले. गृहस्थ म्हणाले, "तो दोन वाजता बंद होतो. नाही झाला तर मला सांगा, समोरची खोली उघडून देतो." दोन वाजून चार मिनिटांनी बंद झाला. मैत्रीण तोवर घोरत होती. दाराच्या मागचा आगीच्या वेळचा नकाशा मात्र मी एकटीने वाचला आणि जिन्यापर्यंतची दारं मोजून आले. तीन. लहान जुन्या इमारतीत जिना एकच असतो, अंधारात तो कुठल्या हाताला हे ठाऊक असलेलं बरं.

त्या रात्री मला झोप आलीच नाही म्हटलं तरी चालेल. एवढी शांतता विकत घेतली आणि टक्क जागी! परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा सावध राहतो, असं ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय. माझा कुठला अर्धा जागा होता माहीत नाही. त्याने सकाळी सहा वाजता मागच्या गल्लीत रिकाम्या बाटल्यांची गाडी आली तेव्हा मला पूर्ण उठवलं. दोनशे काचेच्या बाटल्या लोखंडी पेटीत एकदम ओतल्या की काय होतं, ते ऐकावं. याचा मी तीन आठवड्यांत एकदाही विचार केला नव्हता. गाडी रोज आली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सहाच्या आधी इअरप्लग घालायला शिकलो. त्या पातळ, किणकिणत्या आवाजाला ते छान पुरतात.

बाकी तीन रात्री हव्या तशा गेल्या. तीनला यायचो, बेल वाजवायच्या आत दार उघडायचं. जिना लाकडी आणि करकरणारा, त्यामुळे चपला हातात. एकदा मैत्रीण मधल्या पायरीवर बसून अर्धा तास गुणगुणत राहिली. खालून दिवा किंचित मंद झाला, एवढीच काय ती प्रतिक्रिया. सकाळी कोणी काही विचारलं नाही. कॉफी अकरापर्यंत मिळेल, हे मात्र न विचारता सांगितलं.

शेवटच्या दिवशी दुपारी फोन चालू केला तर मामेभावाचे सात मिस्ड कॉल. तो कामानिमित्त त्याच शहरात आला होता आणि हॉटेलचं नाव मीच कधीतरी त्याला सांगून ठेवलं होतं. फोन केला तर पहिलं वाक्य, "ताई, कसलं गं हॉटेल तुझं! सकाळी मुद्दाम वाट वाकडी करून आलो. म्हटलं, माझी बहीण आहे इथे. तर तू आहेस की नाहीस एवढंसुद्धा सांगेना तो म्हातारा! पासपोर्ट दाखवला, आडनाव वेगळं पण मामा-आत्याचं नातं समजावलं. शेवटी कागद-पेन पुढे केलं."

"मग लिहिलंस का काही?"

"लिहिलं. काय करणार!"

मी खाली गेले. सकाळच्या पाळीची मुलगी होती. तिने खणातून एक बंद पाकीट काढून माझ्यासमोर पालथं ठेवलं, म्हणजे वरचं नाव शेजारी उभ्या जोडप्याला दिसू नये. आत चौकोनी कागद, भावाचं गिचमिड अक्षर. 'ताई, इथे असशील तर फोन कर. नसशील, तर हे जो कोणी वाचत असेल त्याने माफ करावं.'